कोर्टाची पायरी: कोणी चढावी, केव्हा चढावी?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पूर्वापार सांगितले जाते. त्यामागे खर्चाचा, दिरंगाईचा आणि मनस्तापाचा अनुभव आहे. परंतु नदी, डोंगर, खाडी किंवा झाड यांच्या वतीने जो कोणी ती पायरी चढू पाहतो, त्याच्यापुढे याहून वेगळ्या दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अशी, की ‘तुझा संबंध काय?’ हा प्रश्न त्याला विचारला जातो; ज्याचे स्वतःचे काही बिघडलेले नाही त्याने दाद मागावी कशी? दुसरी अशी, की या प्रश्नाचे उत्तर देऊन तो आत पोहोचेपर्यंत वादाचा विषयच पुष्कळदा शिल्लक उरलेला नसतो; मग त्याची याचिका ‘निष्फळ’ म्हणून निकालात काढली जाते. वकिली भाषेत पहिल्या मुद्द्याला लोकस स्टँडाय म्हणतात. दुसऱ्यासाठी इन्फ्रक्चुअस हा शब्द आपल्या न्यायालयांत रुळला आहे. भारतीय न्यायालयांनी गेल्या साडेचार दशकांत पहिला अडसर बराचसा दूर केला आणि त्याबद्दल त्यांची जी प्रशंसा झाली ती यथार्थच आहे. दुसरा अडसर मात्र जागच्या जागी आहे. पर्यावरणाचे कितीतरी वाद गुणदोषांचा विचार होण्यापूर्वीच निव्वळ तारखांच्या हिशेबात हरले जातात, याची चर्चा फारशी होत नाही.

जुन्या कायद्याची रीत सरळ होती. ज्याच्या शेतात पाणी शिरले त्याने फिर्याद करावी, ज्याची भिंत पडली त्याने भरपाई मागावी. पण दुर्गंधीने सबंध वस्तीचा जीव गुदमरतो तेव्हा फिर्यादी कोणाला म्हणायचे? मध्य प्रदेशातील रतलाम शहरात नेमके हेच घडले. उघडी गटारे, शौचालयांचा अभाव आणि मद्यार्काच्या कारखान्यातून रस्त्यावर वाहणारे घाण पाणी यांना कंटाळून एका वॉर्डातील रहिवासी दंडाधिकाऱ्याकडे गेले. तिजोरीत पैसा नाही, हे नगरपालिकेचे उत्तर होते. सर्वोच्च न्यायालयात १९८० साली न्या. कृष्ण अय्यर यांनी ते उत्तर अमान्य केले आणि न्यायाचा गुरुत्वमध्य आता एकेका व्यक्तीकडून समाजाकडे सरकत आहे, असा विचार मांडला. पुढच्या वर्षाच्या अखेरीस, ३० डिसेंबर १९८१ रोजी, एस. पी. गुप्ता खटल्यात न्या. भगवती यांनी त्याला तत्त्वाचे रूप दिले. जे दारिद्र्यामुळे वा असहायतेमुळे न्यायालयापर्यंत पोहोचू शकत नाहीत त्यांच्या वतीने आणि सार्वजनिक हानीच्या बाबतीत, सद्हेतूने येणाऱ्या कोणाही नागरिकाला दार उघडे झाले. गंगेच्या प्रदूषणाविरुद्ध याचिका करणारे वकील एम. सी. मेहता हे काही गंगाकाठचे जमीनमालक नव्हते. १९८८ च्या निकालात न्यायालयाने ही गोष्ट नमूद केली. पण ते पाणी वापरणाऱ्यांच्या जिवाची चिंता असलेला माणूस, एवढी त्यांची ओळख पुरेशी मानली.

हे औदार्य किती मोठे होते ते अमेरिकेकडे पाहिल्यावर कळते. कॅलिफोर्नियातील मिनरल किंग खोऱ्यात डिस्ने कंपनीचे विहारस्थान होऊ घातले होते. त्याविरुद्ध सिएरा क्लब ही जुनी निसर्गप्रेमी संस्था उभी राहिली. परंतु आपल्या सभासदांचे प्रत्यक्ष काय नुकसान होते ते तिने सांगितले नाही, म्हणून १९७२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिला माघारी पाठवले. वीस वर्षांनी, १९९२ च्या लुहान खटल्यात, कसोटी आणखी कडक झाली. परदेशात अमेरिकी पैशाने होणाऱ्या प्रकल्पांमुळे दुर्मीळ प्राणी नष्ट होतील, अशी तक्रार होती. ते प्राणी पाहण्यासाठी आपण इजिप्तला आणि श्रीलंकेला गेलो होतो आणि पुन्हा जाणार आहोत, अशी प्रतिज्ञापत्रे दोघा सभासदांनी केली. केव्हा जाणार ते सांगितलेले नाही, ‘कधीतरी जाऊ’ हे पुरेसे नाही, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला. मगरीचे आणि हत्तीचे भवितव्य प्रवासाच्या तारखेवर अवलंबून ठेवणारे हे तर्कशास्त्र भारतीय वाचकाला विचित्रच वाटेल.

उघड्या दारातून नको ते लोकही येतात, हेही खरे. १९९१ साली बिहारमधील बोकारो नदीच्या प्रदूषणाची तक्रार घेऊन आलेल्या याचिकाकर्त्याला कोळसा धुतल्यावर उरणारा गाळ स्वतःसाठीच हवा होता, असे दिसून आले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. असे कज्जेदलाल ओळखणे न्यायालयांना कठीण जात नाही. त्यासाठी दार लोटून घेण्याचे कारण नाही, आणि न्यायालयांनी ते लोटूनही घेतले नाही. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याने ‘कोणतीही बाधित व्यक्ती’ अशी व्यापक शब्दयोजना केली आणि तीत प्रातिनिधिक संस्थांचाही समावेश केला. त्यापूर्वी १९९७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अपील प्राधिकरणाच्या अध्यक्षपदी २००० सालानंतर कोणाची नेमणूकच झाली नव्हती. त्या मानाने पुण्यात पश्चिम विभागाचे पीठ येणे ही महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या दृष्टीने खरोखर मोठी सोय झाली.

तथापि हाच कायदा दुसऱ्या हाताने घड्याळ पुढे करतो. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील ३० दिवसांत झाले पाहिजे. सबळ कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. नव्वद दिवसांवर एक दिवसही क्षमा करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही. हे दिवस मोजायचे कोठून? मंजुरी मंत्रालय संकेतस्थळावर टाकते, प्रकल्पचालक वृत्तपत्रांत जाहिरात देतो, स्थानिक संस्था आपल्या फलकावर लावते. यांपैकी जे सर्वात आधी घडेल तेथून मुदत सुरू होते, अशी भूमिका न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये घेतली, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतील एका ग्रामपंचायतीचे अपील मुदतबाह्य ठरवताना तिला दुजोरा दिला. कायद्याच्या दृष्टीने यात तर्कदोष काढता येणार नाही. परंतु ज्या गावात खाण येणार त्या गावाने दिल्लीचे संकेतस्थळ रोज उघडून पाहावे आणि पानेच्या पाने इंग्रजी मजकुरातून आपल्या शिवाराचे नाव शोधून काढावे, हे यात गृहीत धरलेले आहे. २०२० साली पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी निघाला तेव्हा तो इंग्रजी आणि हिंदीतच होता. दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत वाढवली आणि मसुदा आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध करून द्या, असे सांगितले. ज्यांच्या हरकती मागवायच्या त्यांना समजेल अशा भाषेत कागद द्यावा, एवढ्यासाठीही न्यायालयाची पायरी चढावी लागते, यावर अधिक भाष्याची गरज नाही.

उशीर झाला हा आक्षेप किती निर्णायक ठरतो याचे सर्वात मोठे उदाहरण नर्मदेचे आहे. सरदार सरोवराला पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी मिळाली ती जून १९८७ मध्ये, आणि तीही सशर्त. अनेक अभ्यास तोवर व्हायचे होते. ते पुढे करावेत अशी अट होती. नर्मदा बचाव आंदोलनाची याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली १९९४ मध्ये. १८ ऑक्टोबर २००० रोजी दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. बहुमताचे म्हणणे असे, की मंजुरीला आव्हान द्यायचे तर ते वेळीच द्यायला हवे होते. सात वर्षांत अफाट पैसा खर्च झाला, काम बरेच पुढे गेले, आता धरण व्हावे की न व्हावे या प्रश्नात शिरता येणार नाही, पुनर्वसनापुरतेच बोला. न्या. भरुचा यांनी याच्याशी असहमती दर्शवली. आवश्यक माहिती हाती नसताना दिलेली मंजुरी ही विचारपूर्वक दिलेली मंजुरी नव्हे. म्हणून तज्ज्ञांकडून प्रकल्पाची पुन्हा तपासणी करून घ्यावी आणि तोवर काम थांबवावे, असे त्यांचे मत होते.

येथे जरा थांबून विचार केला पाहिजे. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे या धरणाच्या पाण्याखाली येणार होती. तेथील आदिवासींना १९८७ च्या मंजुरीपत्राची प्रत कोणी नेऊन दिली होती काय? आणि अभ्यास अपुरे आहेत हे मंत्रालयालाच ठाऊक असताना, ते अभ्यास वेळेवर पुरे झाले नाहीत ही दिरंगाई कोणाच्या खाती मांडायची? याचिकाकर्त्याच्या सात वर्षांचा हिशेब झाला. शासनाच्या त्याच सात वर्षांचा हिशेब बहुमताच्या निकालाचे पारडे फिरवू शकला नाही. उलट १९८७ साली लगेच कोणी आले असते, तर अभ्यास चालू आहेत, निष्कर्ष यायचे आहेत, तक्रार अकाली आहे, हे उत्तर त्याच्यासाठी तयार असते. आज फार लवकर आणि उद्या फार उशीर, अशा दोन भिंतींमधली ही जागा आहे. तेवढ्या अरुंद फटीत ज्याचा नेम बसेल त्याचीच दाद लागायची.

ती फट किती अरुंद असू शकते हे मुंबईने २०१९ च्या ऑक्टोबरात पाहिले. आरे वसाहतीत मेट्रो ३ च्या कारशेडसाठी झाडे तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाने परवानगी दिली होती. तिला आव्हान देणाऱ्या आणि आरेला जंगल म्हणून मान्यता मागणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने शुक्रवारी, ४ ऑक्टोबरला फेटाळल्या. त्यांतील जंगलाचा प्रश्न तर गुणदोषांवर निकालात निघालाच नाही. तो सर्वोच्च न्यायालय आणि हरित न्यायाधिकरण यांच्यापुढे आहे, एवढ्याच कारणाने ती याचिका गेली. त्याच रात्री करवती सुरू झाल्या. जमावबंदी लागू झाली, निदर्शकांना अटक झाली. शनिवारी तातडीची स्थगिती मागितली गेली, ती मिळाली नाही. विधीच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन सोमवारी, ७ ऑक्टोबरला, सुट्टी असताना सर्वोच्च न्यायालयाचे विशेष पीठ बसले. यापुढे झाडे तोडू नका, असा ‘जैसे थे’ आदेश त्याने दिला. सरकारतर्फे महान्यायअभिकर्त्यांनी तो आदेश आनंदाने मान्य केला. आवश्यक तेवढी झाडे तोडून झाली होती. मेट्रो महामंडळाने दिलेला आकडा २,१४१ झाडांचा होता. बैल गेला आणि झोपा केला ही म्हण गुरांच्या वसाहतीतच इतकी शब्दशः खरी ठरावी, हा योगायोग दुर्दैवी म्हटला पाहिजे.

महामंडळाची बाजूही नोंदवली पाहिजे. वृक्ष प्राधिकरणाचा आदेश १३ सप्टेंबरचा, परवानगीनंतर थांबायचे पंधरा दिवस २८ तारखेला संपले, आणि त्यानंतरही उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत आपण थांबलो, असे त्याचे म्हणणे होते. कायद्याच्या अक्षराला धरून ते बरोबर असेलही. मेट्रोची गरजही कोणी नाकारत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये या मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि वर्षभराने तो कफ परेडपर्यंत पोहोचला, तेव्हा लोकलच्या दाराशी लोंबकळणाऱ्या नोकरदारांना त्याचे मोल कोणी सांगायला नको होते. मुद्दा वेगळा आहे. पराभूत पक्षाला वरच्या न्यायालयात जाण्याचा हक्क कायदा देतो, पण शुक्रवारची संध्याकाळ ते सोमवारची सकाळ एवढ्या वेळात तो हक्क कागदावरच उरतो. शेतजमिनीच्या दाव्यात ताबा चुकीने गेला तर परत मिळवता येतो. पगाराची थकबाकी व्याजासह वसूल होते. तोडलेले झाड मात्र कोणत्याही हुकूमनाम्याने उभे राहत नाही.

याउलट वेळीच स्थगिती मिळाली तर काय घडते, ते गोव्यातील मोपा विमानतळाच्या प्रकरणात दिसले. त्याची पर्यावरण मंजुरी २०१५ ची होती आणि हरित न्यायाधिकरणाने ती उचलून धरली होती. परंतु अर्ज भरताना जवळपासची वने आणि संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती नीट दिलेली नाही, असे आढळल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी मंजुरी निलंबित केली आणि तज्ज्ञ समितीला सर्व पुन्हा पाहायला लावले. समितीने नव्या अटी घातल्या. १६ जानेवारी २०२० रोजी निलंबन उठले. अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचे काम नागपूरच्या ‘नीरी’कडे सोपवण्यात आले. डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटनही झाले. म्हणजे प्रकल्प बुडाला नाही. जे आधी तपासायला हवे होते ते सुमारे दहा महिने थांबून तपासले गेले, एवढेच. झालेली तपासणी पुरेशी होती काय यावर गोव्यात मतभेद आहेत, ते असोत. पण न्यायालयापुढे वाद जिवंत असताना निर्णय झाला, हे महत्त्वाचे.

वाद जिवंत कसा ठेवावा हे मात्र अमेरिकेकडून शिकण्यासारखे आहे. दक्षिण कॅरोलिनातील लेडलॉ कंपनी नॉर्थ टायगर नदीत मर्यादेबाहेर पारा सोडत होती. खटला चालू असताना कंपनी सुधारली आणि पुढे तो कारखानाच बंद झाला. आता खटल्यात उरले काय, असा बचाव तिने केला. २००० सालच्या निकालात न्यायालय म्हणाले, की प्रतिवादीने स्वतःहून चूक थांबवली एवढ्याने वाद संपत नाही. ती चूक पुन्हा घडणार नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे, आणि दंडाचा धाक हाही दाद देण्याचाच एक प्रकार आहे. हे तत्त्व उद्योगांच्याही कामी येते. ओबामा प्रशासनाने २०१५ साली औष्णिक वीज केंद्रांसाठी केलेला नियम २०१६ च्या स्थगितीमुळे एक दिवसही अमलात आला नाही. नंतरच्या सरकारने तो रद्द केला, न्यायालयाने ते रद्द करणे रद्द केले, त्यानंतरच्या सरकारने आपण नवा नियम करणार असल्याचे सांगितले. तरीही २०२२ साली कोळसा कंपन्यांची आणि वेस्ट व्हर्जिनियासारख्या राज्यांची तक्रार जिवंत धरली गेली आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. कधीही न लागू झालेल्या नियमाविरुद्धचा वाद तेथे सहा वर्षे तग धरतो, आणि येथे उभ्या झाडांचा वाद एका शनिवार-रविवारात निकालात निघतो.

‘झाले ते झाले’ या न्यायाचे याहून मोठे रूप म्हणजे कार्योत्तर मंजुरी. सरकारी कचेरीतल्या कोणालाही हा शब्द समजावून सांगायला नको. आधी खर्च करायचा, मग फाइल फिरवायची. पर्यावरणाच्या बाबतीत मार्च २०१७ च्या अधिसूचनेने आणि जुलै २०२१ च्या कार्यालयीन आदेशाने मंजुरीशिवाय बांधलेल्या प्रकल्पांना ही वाट मोकळी करून दिली. २०२० साली गुजरातेतील तीन कारखान्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कार्योत्तर मंजुरी कायद्याशी विसंगत आहे असे म्हटले; पण कारखाने बंद न करता प्रत्येकी १० कोटी रुपये भरायला लावले. १६ मे २०२५ रोजी मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी ही वाटच बंद केली. सहा महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला. पूर्वीचे काही निकाल विचारात घेतले गेले नव्हते, हे एक कारण. सुमारे २० हजार कोटी रुपयांचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील, हे दुसरे. न्या. भुयान यांनी भिन्नमतपत्रिका लिहिली. मराठी वाचकाच्या नजरेतून हेही सुटणार नाही, की मे महिन्याच्या निकालाचे न्यायमूर्ती ठाण्याचे आणि नोव्हेंबरचे सरन्यायाधीश अमरावतीचे होते.

बांधलेले रुग्णालय पाडावे असे कोणी म्हणणार नाही, आणि नोव्हेंबरच्या बहुमताची अडचण खोटी नाही. मात्र जितका पैसा अधिक ओतावा तितका नियमभंग अधिक सुरक्षित होतो, हा त्याचा अर्थ बांधकाम व्यवसायाला शिकवावा लागत नाही. नर्मदेत खर्च झालेला पैसा याचिकेच्या आड आला. येथे तो कायद्याच्याच आड आला.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. पर्यावरण मंजुरी मिळाल्यानंतर अपिलाची मुदत सरेपर्यंत झाडतोड, भराव, उत्खनन अशी परत न फिरणारी कामे सुरू होऊ नयेत, अशी अट मंजुरीपत्रातच घालता येईल. मंजुरीचा सारांश त्या गावाच्या भाषेत ग्रामसभेत वाचला जावा आणि त्या दिवसापासून मुदत मोजावी. स्थगितीच्या अर्जावर पहिल्या दोन आठवड्यांत निर्णय देण्याचे बंधन न्यायाधिकरणाने स्वतःवर घालून घेतले तर विलंबाने खर्च वाढतो ही प्रकल्पचालकांची तक्रारही बोथट होईल. मुंबईसारख्या शहरासाठी तर नवा कायदाही नको. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यातील पंधरा दिवसांची थांबण्याची मुदत, प्रकरण न्यायालयात गेले असेल तेव्हा, न्यायालयाच्या निकालापासून मोजायची एवढीच दुरुस्ती पुरे. आरेच्या बाबतीत ती मुदत १९ ऑक्टोबरला संपली असती. सर्वोच्च न्यायालयाचे पीठ ७ तारखेलाच बसले होते.